राजा हाकेला येत नाही

२२ नोव्हेंबर १९८५, शुक्रवार

पाचवा दिवस. सकाळी पुन्हा तेच झाले. राजा पेंढ्याच्या उडवीमागून अंडे तोंडात धरून आला. पडवीत बसलेल्या माणसांतून वाट काढत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि उभा राहिला. लेक विजया चुलीपाशी होती. तिने हात पुढे केला तर मान फिरवली. आत पाहिले, माजघरात पाहिले, परत उंबऱ्यावर. अर्धा तास. मग सौ. ची चटई असायची त्या जागी अंडे ठेवून बाहेर गेला. चटई पहिल्याच दिवशी काढली आहे. नुसत्या जमिनीवर ठेवले. फुटले नाही. कुत्रा असून त्याच्या तोंडात कधीच फुटत नाही.

सुतकात अंडी कोण खाणार. वि. ने टोपलीत कोंड्यात घालून ठेवली आहेत.

वर सौ. लिहिले खरे. चौतीस वर्षे रोजनिशीत तेच लिहीत आलो. सौ. स बरे नाही. सौ. माहेरी. बायका म्हणतात अहेव गेली, भाग्याची, सौभाग्यवतीच गेली. म्हणजे सौ. लिहायला हरकत नाही. पण पुढे क्रियापद कोणते लिहायचे.

२३ नोव्हें., शनिवार

सोमवारचे लिहायचे राहिले आहे.

सोमवार ता. १८. सकाळी ८ च्या गाडीने देवरुखला गेलो. खरे तर काम काही नव्हते. जूनमध्ये निवृत्त झालो तरी सोमवार आला की पाय कचेरीकडे वळतात. जुन्या मंडळींत बसलो. चहा, पुन्हा चहा. ५ ची गाडी. घाटी चढून आलो तर पडवीत माणसे. शेजारच्या शेवंती वहिनी दारात उभ्या. म्हणाल्या, "भावोजी, जरा बसा." तेव्हाच कळले.

मागच्या खळ्यात सापडली. भात वारवत होती. डॉक्टर म्हणाले हृदय. साधारण ११ चा सुमार. वहिनींना दिसली तेव्हा १ वाजला होता. राजा शेजारी बसलेला. तिची एक वहाण तिच्या हाताशी पडली होती. खळ्यात ती वहाणा घालून जात नसे. माणसांच्या पायांनी आली असेल.

११ ते १. त्या वेळेत मी दोन चहा घेतले.

२५ नोव्हें., सोमवार

माणसे येतात, बसतात. मृत्यूविषयी किती बोलणार, मग कुत्र्याविषयी बोलतात. आज आबांनी (थोरले चुलतबंधू) विचारले, "राजाराम, हा नक्की कुत्रा हाय की कोल्हा?" चिरंजीव सुरेशने सांगितले, गोल्डन रिट्रीव्हर. आबा म्हणाले, "ते नाव तो लांबवर पळेपर्यंत तोंडातून निघायचं नाही."

सु. मुंबईत ज्यांची गाडी चालवतो त्या शेठच्या बाईंनी राजाबरोबर एक कागद लिहून दिला होता. माझ्या फाइलीत अजून आहे. आज काढून वाचला. शिकारीत पडलेले पाखरू पाण्यातून, झुडपातून, दाताचा ओरखडा न उठवता मालकाला आणून देणारी जात. पोहण्याची आवड. मुलांत रमतो. कोणावरही विश्वास टाकतो, राखणीला उपयोग नाही. एकटे ठेवू नये.

वाचून दाखवले. आबा म्हणाले, "म्हणजे चोर आला तर त्याचा कंदील धरेल." दोघे-तिघे हसले. मग आपण कुठे बसलो आहोत ते आठवून गप्प झाले.

८२ च्या गणपतीत सु. ने करंडीतून आणला होता. मागचा एक पाय वाकडा म्हणून कोणी घेईना. बाई म्हणाल्या, दिवाळीपर्यंत गावाला ठेव, मग पाहू. नाव शेठच्या मुलांनी ठेवलेले. सु. ने पडवीत करंडी उघडून "हा राजा" म्हणून सांगितले तेव्हा सौ. तोंडाला पदर लावून आत गेली. हसत असावी. मी म्हणालो एका घरात दोन राजे नकोत. तेवढेच बोलणे. दुसऱ्या दिवशी मी देवरुखला गेलो. त्यानंतर तीन वर्षे शनिवार-रविवारचा पाहुणाच मी.

दिवाळीनंतर कोणी मागितला नाही.

२७ नोव्हें., बुधवार

राजा खात नाही. सोमवारपासून म्हणजे ता. १८ च्या सोमवारपासून. कामाच्या गर्दीत कोणाच्या लक्षात आले नाही. ताटलीतला भात तसाच, वर मुंग्या. पाणी पितो. अंडी मात्र रोज शोधून आणतो, त्याच जागी ठेवतो. स्वतः एकही फोडून खात नाही.

हाकेला येत नाही. "राजा" म्हटले की कान हलतो, बस्स. उठत नाही. आबा म्हणतात बहिरा आहे. दुसरे कोणी म्हणाले मुंबईचा आहे, इंग्रजीत हाक मारा. तीही मारून झाली.

३० नोव्हें., शनिवार

तेरावा. राजाला गोठ्यात बांधून ठेवले, पानाला शिवायला नको म्हणून. पान ठेवले आणि पाणी फिरवेपर्यंत कावळा उतरला. भटजी म्हणाले, काही इच्छा मागे राहिली नव्हती. सगळ्यांना बरे वाटले. वि. रडली, पण समाधानाने.

मला बरे वाटले नाही. काहीतरी राहायला हवे होते. एवढे सगळे टाकून कोणी इतक्या लवकर

जेवणावळ झाल्यावर राजाला सोडले. गोठ्यातच पडून राहिला.

१ डिसेंबर, रविवार

सु. दुपारच्या गाडीने गेला. निघताना घाटीपर्यंत बरोबर चाललो. म्हणाला, "बाबा, तुम्ही एकटे इथे काय करणार?"

म्हणालो, "बघू."

"राजाचं काय?"

"आहे की."

"आहे काय, खात नाही तो. इथे मरेल. शेठकडे त्याची आई आहे अजून, भाऊ आहे. डॉक्टर घरी येतो त्यांच्या. मी बाईंना विचारतो."

मी त्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तो म्हणाला, "आईचा जीव होता त्याच्यावर म्हणून सांगतोय."

हे खरे.

२ डिसें., सोमवार

वि. सावर्ड्याला गेली. तिच्या मुलांची शाळा बुडते. डबे भरून ठेवले आहेत, वर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत: मेतकूट, कुळीथ पीठ, कोकम.

घरात मी आणि तो. सोमवार असून कचेरीत गेलो नाही.

४ डिसें., बुधवार

गुरांचे डॉक्टर बुधवारी वाडीत येतात. बोलावून आणले. कुत्रा पाहून त्यांनाच नवल. कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी. आजवर ती रोज संध्याकाळी दिवा घेऊन एकेक काढायची, आणि मी म्हणायचो हे काय खूळ. पंधरा दिवसांत एवढ्या झाल्या. डॉक्टरांनी हिरड्या दाखवल्या. पांढुरक्या. गोचिडीचा ताप. इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या.

विचारले, दुःखाने असे होते का. म्हणाले, "ताप आहे म्हणून खात नाही, का खात नाही म्हणून ताप उतरत नाही, ते तो सांगणार नाही. पोटात काही गेलं पाहिजे. रिकाम्या पोटी गोळ्या टिकायच्या नाहीत. आणि मी इथे रक्त तपासू शकत नाही. ते मुंबई-पुण्याकडे."

५ डिसें., गुरुवार

पेज केली. बशीत गार करून तोंडाशी धरली. नाक लावून मान वळवली. बोटाने हिरडीला लावली तर चाटली. तेवढेच. असे करत दोन चमचे. गोळी गेली.

त्याचे डोके हातात धरायला लागते. यापूर्वी मी कधी त्याला हात लावला नव्हता. कानामागचे केस फार मऊ आहेत.

७ डिसें., शनिवार

ती त्याला अंडे कसे द्यायला लावत असे ते आठवून पाहतो. आठवत नाही, कारण पाहिलेच नाही. शनिवारी रात्री येणार, रविवारी उशिरा उठणार, तोवर तिची सकाळ होऊन गेलेली. जूननंतर घरीच होतो, पण सकाळी पेपर आणायला खाली उतरायचो.

आज तो अंडे घेऊन उंबऱ्यावर उभा राहिला तेव्हा समोर जाऊन बसलो. सोड म्हणालो. दे म्हणालो. टाक, ठेव, आण इकडे. शेवटी "राजा, दे रे बाबा". माझ्याकडे पाहत राहिला. तोंड आवळत नाही, गुरगुरत नाही, पण देत नाही. जणू मी भलत्याच खिडकीशी अर्ज घेऊन आलेला माणूस आहे.

चौतीस वर्षांत ती माझ्याशी फारसे बोलली नाही असे मी समजत होतो. मी घरी फारसा नव्हतो एवढेच ते आहे.

१० डिसें., मंगळवार

आज आणलेले अंडे गावठी पण मोठे, तांबूस. आपल्या कोंबड्यांचे नव्हे. शेवंती वहिनींच्या कोंबडीचे. पूर्वी यावरून दोघींत रोज चाले. वहिनी कुंपणावरून ओरडायच्या, "तुमचा चोर आला बघा माझ्या खुराड्यात." सौ. म्हणायची, "तुमच्या कोंबड्या आमचे दाणे खातात, त्याचं कोण बघायचं?" मग तेच अंडे परत द्यायला गेलेली तासाने यायची.

वहिनी तेराव्यानंतर आल्या नाहीत. काल घाटीत दिसल्या. मी "बरं आहे का" म्हणालो तर भारा डोक्यावर घेऊन तशाच गेल्या. एकट्या बाई, दादा (त्यांचे यजमान) जाऊन दहा वर्षे झाली. मी बोलण्यात काही चुकलो का कळत नाही.

१३ डिसें., शुक्रवार

वहिनी आज संध्याकाळी आल्या. पायरीवर बसल्या, वर आल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भावोजी, त्या दिवशी माझ्याकडं पावण्या आला व्हता."

मला वाटले कोणी पाहुणा. विचारले, "कोण पावणे? कुठचे?"

"पावणे न्हवं. पावण्या. तुमचा कुत्रा वो."

बाकाखाली राजाने मान उचलली. उठला. महिन्याभरात कोणाच्या बोलण्याने तो उठलेला मी पाहिला नव्हता. जाऊन वहिनींच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही.

पुढे त्या म्हणाल्या ते जसेच्या तसे लिहितो.

"मी भांडी घाशीत व्हते. ह्यो आला. तोंडात तिची वहाण. माझ्या म्होरं उभा. मी म्हटलं, आज अंडं न्हाय गावलं म्हणून वहाण चोरलीस व्हय रे पावण्या? जा, देऊन ये तिला. गेला. शाण्यावानी गेला. जरा येळानं परत आला. तीच वहाण. माझा पदर धरीना, काय न्हाय, नुसता उभा. मना वाटलं ख्याळतोय. पुन्हा म्हटलं जा, दे तिला. पुन्हा गेला. दोनदा पाठवला मी. तिसऱ्यांदा आला न्हाय."

मी म्हणालो, "चहा ठेवू का?"

त्या उठून गेल्या.

१४ डिसें., शनिवार

काही नाही.

१५ डिसें., रविवार

ओरडला असता तर. साधा गावठी कुत्रा असता तर भुंकून वाडी गोळा केली असती. ह्याला भुंकणे येत नाही. ह्याला आणून देणे येते. म्हणून वहाण नेली. आणि परत दे म्हटल्यावर परत दिली. तिच्या हाताशी नेऊन ठेवली.

वहिनींचा राग येतो. मग देवरुखचा चहा आठवतो आणि राग ठेवायला जागा राहत नाही.

संध्याकाळी पडवीत बसून हळूच म्हणालो, "पावण्या." शेपटी जमिनीवर दोनदा आपटली. पुन्हा म्हणालो. उठून आला.

बहिरा नाही.

१७ डिसें., मंगळवार

तांबूस अंडी आठ-दहा जमली होती ती घेऊन वहिनींकडे गेलो. दारात ठेवली. आत या म्हणाल्या नाहीत, मीही गेलो नाही. विचारले, पावण्या हे नाव कोणी ठेवले?

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "तुमाला ठावं न्हाय? तिनं राजा म्हणून हाक कशी मारायची भावोजी? तुमचंच नाव न्हाय का ते?"

पुढे म्हणाल्या, "पयल्याच दिवशी माझ्याकडं आली व्हती, हसून हसून पडायची पाळी. म्हणाली, अगो, सुरेशला जरा अक्कल हाय का बघ. आता ह्याला हाड म्हणू की अहो म्हणू? मीच म्हटलं, दिवाळीपर्यंतचा पावणाच ना तो, पावण्या म्हण. तुमी घरी असलात की ती हाकच मारीत नसे त्याला. लाजायची."

चौतीस वर्षांत तिने माझे नाव एकदा घेतले, लग्नात, उखाण्यात. ते मला माहीत होते. सगळ्याच बायका घेत नाहीत. पण त्यापायी एका कुत्र्याचे नाव बदलले आणि तीन वर्षे मला कळू दिले नाही, हे माहीत नव्हते. आणि तो हाकेला येत नाही म्हणून आम्ही सगळे त्याला बहिरा ठरवत होतो.

निघताना वहिनींना म्हणालो, "तुम्ही पाठवलात म्हणून तो तिच्याजवळ होता. नाहीतर ती एकटी असती." खरे की खोटे मला माहीत नाही. वाटेत चार वेळा मनात म्हणत गेलो होतो, तेव्हा कुठे तोंडातून निघाले. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी परत आलो.

१९ डिसें., गुरुवार

सकाळी वहिनी कुंपणापाशी उभ्या होत्या. पावण्या अंडे घेऊन उंबऱ्यावर आलेला. तिकडूनच म्हणाल्या, "हात नका पुढं करू. पदर पसरायची ती. खाली बसा नि पदर पसरा."

मला कुठला पदर. खांद्यावर पंचा होता. स्वयंपाकघरात ती बसायची तिथे मांडी घातली, पंचा मांडीवर पसरला. ओटी भरून घ्यायला बसतात तसा. कोणी पाहिले असते तर. म्हणालो, "ठेव, पावण्या."

आला. वाकडा पाय टाकत, हळू. मान खाली घातली. पंच्यात अंडे आले ते कळलेसुद्धा नाही, इतके हळू. ओले होते, कोमट होते.

मग तिथेच माझ्या गुडघ्यावर डोके ठेवून राहिला. मीही बसून राहिलो. चुलीवरचे पाणी आटून गेले.

दुपारी त्याने बशीभर पेज खाल्ली. बांगड्याचा तुकडा काटे काढून दिला, तोही. रोजनिशीत लिहिण्यासारखी गोष्ट एवढीच.

२० डिसें., शुक्रवार

खाल्ले. दोन वेळा. पऱ्यापर्यंत चालत आला. पाण्यात उतरला नाही, पाहत उभा राहिला.

सु. चे पत्र आले. शेठ मंडळी नाताळात गोव्याला जाणार, गाडी सु. च चालवणार. परत येताना रविवार ता. २९ रोजी सकाळी ११ वाजता हमरस्त्यावर तिठ्याला थांबतील. बाईंनी राजाला घ्यायचे कबूल केले आहे. "त्यांच्या मुलांना फार आनंद झाला. डॉक्टरांशी बोलणे झाले, गोचीड तापावर तिकडे चांगले औषध आहे. बाबा, मनाला लावून घेऊ नका, त्याचे भले होईल. तुमचेही पाहू."

पत्र चांगले आहे. एकही शब्द चुकीचा नाही.

उलट टपाली लिहायला बसलो: आता तो खातो, नेण्याची गरज नाही. पोस्टात टाकले नाही. आणखी दोन दिवस पाहू म्हटले.

२३ डिसें., सोमवार

परत ताप. सकाळी उठला नाही. अंडे आणायला गेला नाही. कोंबडी ओरडून ओरडून गप्प झाली. पावण्या म्हटले की शेपटी हलते, बाकी अंग हलत नाही.

मी लिहिलेले पत्र अजून कोटाच्या खिशात आहे.

२५ डिसें., बुधवार

डॉक्टर आले. नाताळची सुट्टी असून आले, माझा निरोप होता म्हणून. हिरड्या पुन्हा पांढऱ्या. लघवी तांबूस. तोंड वाकडे करत म्हणाले, "माझ्याकडचं आहे ते मी देतोय. हा आपल्याकडच्या हवेचा कुत्रा नाही, गावठीला हे लागत नाही एवढं. मुंबईला नेतायत ना? मग न्या. थांबू नका."

विचारले, प्रवास सोसेल का. म्हणाले, "सोसेल बहुतेक."

विचारले, इथेच राहिला तर?

"काही वेळा बरे होतात," म्हणाले. मग बॅग आवरू लागले.

२७ डिसें., शुक्रवार

वहिनी रोज संध्याकाळी दिवा घेऊन येतात. त्या गोचिडी काढतात, मी रॉकेलची वाटी धरतो. आज म्हणाल्या, "तिला सांगायची मी, पावण्यावर इतका जीव लावू नये गो. पावणा म्हंजे जायाचाच. तर म्हणायची, पावणाच घरात ऱ्हायला, घरची माणसं आपली देवरुखला."

म्हणून झाल्यावर त्यांना वाटले बोलायला नको होते. मी म्हणालो, "असू दे. बरोबर आहे."

ती असे म्हणाली हे मला कळले ते बरे झाले. तिचा आवाज ऐकल्यासारखे वाटले. फार वाईटही वाटले.

२८ डिसें., शनिवार

ताप थोडा कमी. पेज, तीन चमचे.

दिवसभर विचार केला. म्हणजे विचार असा नाही, तेच तेच. त्याला नेले तर तिकडे त्याला सगळे राजाच म्हणणार. आई आहे, पण तीन वर्षांनी कुत्र्याला आई कळते का. डॉक्टर आहे. डॉक्टर खरा आहे, बाकी सगळे माझ्या मनाचे आहे.

हा गेला तर ती इथे कशी राहत होती हे माहीत असलेले कोणी घरात उरत नाही. पण ते माझे कारण झाले, त्याचे नव्हे.

न्यायचे ठरवले. सकाळी साडेनऊला निघायचे. एरवी तिठ्यापर्यंत पाऊण तास, त्याच्याबरोबर दीड धरावा.

२९ डिसें., रविवार

५ ला उठलो. पेज केली, पाव वाटी घेतली, ओकला नाही. अंग विंचरले. फणीत मूठभर सोनेरी केस आले ते कुठे टाकावे कळेना, खिडकीत ठेवले आहेत.

पिशवीत गोळ्या, पट्टा, डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीच्या मागे मी लिहिले: 'ह्यास पावण्या अशी हाक मारावी. वस्तू घेताना हात पुढे न करता खाली बसून कापड पसरावे. एकटे ठेवू नये.' अक्षर चांगले काढले. मुलांना वाचता येईल.

वहिनी साडेआठला येऊन गेल्या. "न्यायचाय न्हवं?" म्हणाल्या. हो म्हणालो. त्याच्या डोक्याला हात लावला, त्याच हाताने डोळे पुसले आणि गेल्या.

साडेनऊला पट्टा घेऊन पडवीत आलो. तो उन्हाच्या पट्ट्यात पडला होता. त्याच्याशेजारी क्षणभर बसलो, चपला घालायला. त्याने हनुवटी माझ्या पायावर टाकली आणि झोपला. आठ दिवसांत असा गाढ झोपलेला पाहिला नाही. श्वास जलद आहे, पण एकसारखा.

आता दहा वाजून दहा. वही हाताला लागत होती म्हणून लिहीत आहे.

सु. वेळेवर येईल, त्याची ती सवय चांगली आहे. शेठची माणसे गाडीत, मुले, ऊन. किती थांबवणार त्यांना. आम्ही दिसलो नाही तर घाटी चढून वर येईल, किंवा येणार नाही. रागावेल. डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे. सु. चेही बरोबर आहे. इथे राहिला तर वाचेल असे मला कोणी सांगितलेले नाही.

पाय काढून घेतला तर जागा होईल.

दहा बावीस.